दवा म्हणून घेतलेली दारू

“शीला पोटात असताना दारू घेत होतात का?” अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि मी अशी कडाडले की बाहेरच्या बाकावरचे निम्मे पेशंट तिथंच बरे झाले.

“दारू? बाई, आमी पंचशील घेतलेली मानसं! आमच्या घरात दारूचं नाव काढलं तर भिंती उठून चालू लागतात.”

शीला माझी थोरली. दोन वर्षांची झाली तरी वजन कोंबडीएवढं, उभी केली की पडायची. बाईंनी तिचा पातळ वरचा ओठ पाहिला, नाकाखालची सपाट जागा पाहिली, टेपनं डोक्याचा घेर मोजला. मग प्रश्न बदलला. “उलट्यांसाठी काही दवादारू केली होती?”

“ते केली ना! सासूबाई रोज वाटीभर दवा देत. आता दुसऱ्या खेपेचा दुसरा महिना आहे, तर पुन्हा सुरू केली. कारंज्याहून येताना एसटी लागते म्हणून संगं आणली.”

पिशवीतली बाटली बाईंनी उघडली. मोहाच्या दारूचा असा भपका सुटला की भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागं गेलं.

सोबत आलेल्या सासूबाई तावातावानं म्हणाल्या, “मी कायले दारू देईन माह्या सुनेले? शौकानं पेते ते दारू. दुखण्यात पेते ते दवा!”

“आजी, पोटातल्या लेकराला हा फरक कळत नाही,” बाई म्हणाल्या.

आजाराचं नाव फीटल अल्कोहोल सिंड्रोम. म्हणजे आईच्या पोटात दारू पोचल्यानं बाळाची वाढ बिघडणं. जीन्सचं मला फार पुढं कळलं. जीन्स म्हणजे पेशीतल्या सूचना. कोणती कधी चालू व्हायची, कोणती कधी बंद, याची घडी सुरुवातीच्या आठवड्यांत बसत असते. दारू नेमकी तीच विस्कटू शकते.

“याला औषध नाही,” बाई म्हणाल्या. “शीलाला रोज खाऊ घाला, रोज शिकवा. आणि आजपासून एक थेंबही नको. पोटातल्याचं आज सांगता येणार नाही.”

उलट्या आल्या की दवेऐवजी फुटाणे, असे सात महिने मी काढले. इतके खाल्ले की बाजारात भाव वाढला म्हणतात. सासूबाई रोज सकाळी एकच विचारत, “हालून राह्यलं ना?”

बाळ झालं तेव्हा पोरगा की पोरगी हे मी पाहिलंच नाही. आधी नाकाखाली बोट फिरवलं. खोलगट पन्हळ लागली, शीलासारखी सपाट जागा नव्हती. सासूबाई दाराशी मटकन बसल्या आणि रडल्या.

शीला साडेतीन वर्षांची झाल्यावर चालायला लागली. शाळेत दोन वर्षं जास्त लागली, लागू देत. त्या बाईंचे उपकार मी विसरत नाही.

बायांनो, दिवस गेल्यावर कुणी वाटी पुढं केली, तर तिचं नाव विचारू नका, आत काय आहे ते विचारा. माझ्या बोलण्यात तिखटमीठ असतं, मान्य. या वाटीच्या गोष्टीला मात्र ते लावलेलं नाही.