कुंदाची नाजूक कातडी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आम्ही दोघं अमरावतीत फोटो स्टुडिओ चालवतो, दिवसभर एकाच टेबलाशी बसतो, एकाच डब्यात जेवतो — आणि तरीही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही कुंदाला ओळखत नाही म्हणून.

कुंदा माझी कॉलेजची मैत्रीण. चांदूर रेल्वेजवळ तिच्या घरची फुलशेती — झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. आणि ती माझी पहिली मॉडेल. तेव्हा मला एकच वेड होतं. अंगावर रेडियमसारखे चमकणारे रंग लावायचे, खोलीत पूर्ण अंधार करायचा, जांभळ्या ट्यूबा पेटवायच्या आणि फोटो काढायचा. त्या अतिनील उजेडात माणूस जवळजवळ दिसेनासा होतो हो, नुसता रंग उरतो, हवेत पेटल्यासारखा. एका स्पर्धेसाठी मला तसा फोटो हवा होता — कुंदाच्या गालांवर, गळ्यावर, दंडांवर शेवंतीची फुलं.

कातडीला चालणारा रंग मी मागवला होता. तो वेळेत आला नाही. मग पाट्या रंगवणारे जिथून घेतात त्या दुकानातून दुसरा आणला. कातडीला लावू नये, असं डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं — वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. रंग वाट्यांमध्ये काढला आणि कुंदा यायच्या आत डबा कपाटात ठेवून दिला.

भर दुपारी, खिडक्यांना काळा कागद लावून आम्ही फोटो काढले. गालाची आग होते आहे, असं ती मधून मधून म्हणत होती. झालंच आता, मी म्हणत होते. ती हलली नाही. पाकळ्या मोडतील म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा सुजला, गळ्यावर फोड आले. मीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. काय लावलं होतं, त्यांनी विचारलं. कुंदानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी —

"मेकअपचाच रंग होता, डॉक्टर. चांगल्यातला. मी आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिला होता."

मग हिची कातडीच नाजूक दिसते, यापुढे जपा, असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर कुंदानं उलट माझाच हात धरला. "माह्या कातडीपायी तुले फुकटचा ताप झाला," म्हणाली.

फोड गेले, डाग राहिले नाहीत. फोटोला बक्षीस मिळालं. आजही तो आमच्या स्टुडिओत दारासमोरच लावलेला आहे, आणि लग्न ठरलेली पोरं-पोरी तो बघून आम्हालाही असंच काही करून द्या म्हणतात. पण ती नाजूक कातडी — ती कुंदाकडे कायमची राहिली. काजळ नाही, मेंदी नाही, धुळवडीला दाराबाहेर येणं नाही. तिच्या लग्नात बायकांनी हळद तिच्या पदराला लावली, अंगाला नाही. आत्या कुरकुरली, अशी नवरी कुठं पाहिली का म्हणाली. कुंदानं हसून समजूत घातली. लग्नाचे फोटो मीच काढत होते. तेव्हा बोलता आलं असतं, नाही का? एका वाक्याचं तर काम होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

कुंदा सुखात आहे. मनाची समजूत म्हणून सांगत नाही, खरंच आहे. अकोल्यात जठारपेठेत घर, नवरा भला माणूस, एक मुलगी — ओवी. मी गेले की कुंदा वांग्याचं भरीत करते, भाकरी गरम गरम वाढते, आणि आम्ही दोघी काय वाट्टेल त्यावर हसतो. माझे सर्वांत चांगले दिवस त्या घरात जातात.

मागच्या महिन्यात ओवीचा वाढदिवस होता. शेजारची एक ताई पोरींच्या गालांवर फुलपाखरं काढत होती. ओवी रांगेत उभी राहिली, तर कुंदानं तिला बाजूला घेतलं. तुझी कातडी माझ्यावर गेली आहे, म्हणाली. पोरगी रडकुंडीला आली. तेव्हा कुंदा माझ्याकडे वळली.

"तू सांग ना वं तिले. माह्या तोंडाचं काय झालतं, ते तुनं पाह्यलं हाये."

ओवी माझ्याकडे बघत होती. तिचा भरवसा होता माझ्यावर — मावशी काहीतरी वाट काढेल. मी तिला जवळ ओढलं, तिच्या कोऱ्या गालावरून हात फिरवला.

"आई बरोबर सांगते आहे," मी म्हटलं.

ती शहाण्यासारखी डोळे पुसून केकपाशी गेली. मी केक खाल्ला, कुंदाशी पोटभर गप्पा मारल्या, संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला परत आले. झोप छान लागली. ती मला इतकी वर्षं रोजच लागते.