मामीची अट आणि अख्खी श्रीलंका

आमच्या मामाच्या अवसरी बुद्रुकमध्ये कुठलीही गोष्ट घडते एकदा, पण सांगितली जाते वर्षभर. कट्ट्यावर सांगतात, डेअरीला दूध घालताना सांगतात, लग्नात जेवायला बसलं की शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगतात. आणि दर वेळी तिला एक नवीन फांदी फुटते. म्हणून श्रीलंकेच्या ट्रिपचं ओरिजिनल व्हर्जन मी आत्ताच लिहून टाकतेय. कारण परवा गावात गेले, तर सोपानभाऊंनी हत्तीच्या सोंडेतून केळं परत काढून घेतलं, असं ऐकू आलं. असं काहीही झालेलं नाही. हत्ती खूप लांब होता.

तर आधी माणसं सांगते. मामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ. द्राक्षं आणि ऊस. मग मामी. मग मामाचा जिगरी दोस्त तात्या, नारायणगावला टोमॅटोचा व्यापारी. आणि शेजारचे सोपानभाऊ, शेती आहे पण मेंढरं अजून सोडवत नाहीत. शेवटी मी, केतकी, पुण्यात बाणेरला आयटीमध्ये. 'हिला इंग्लिश येतं' एवढ्या एका क्वालिफिकेशनवर गाईड, फोटोग्राफर आणि बॅगा सांभाळणारी, सगळं मीच.

मी आधी ऑफिसच्या ग्रुपबरोबर श्रीलंका केली होती आणि तेव्हापासून लिटरली सगळ्यांचं डोकं खात होते. समुद्र आहे, डोंगर आहेत, चहाचे मळे आहेत, आणि खायला तर विचारूच नका. मामा, तात्या, सोपानभाऊ लगेच तयार झाले. मामी परातीत पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मी येईन. पण तिथं चुलीला हात लावायची नाय. चहासुदा करायची नाय. हितनं निघाल्यापासून हितं परत येईपातूर. कबूल असंल तर माझं तिकीट काढा."

आता हे किती मोठं वाक्य होतं ते तुम्हाला सांगायला पाहिजे. मामी माहेरी गेली तरी भाकऱ्या थापते. हॉस्पिटलमध्ये बहिणीला भेटायला गेली तरी डबे करून नेते.

"कबूल," मामा म्हणाला.

मामी आत गेल्याबरोबर तात्या मामाच्या कानाशी लागला. "दोन दिस. तिसऱ्या दिशी वैनीच म्हणत्याल, सरका बाजूला. बाजरीचं पीठ घ्या संगं."

म्हणजे ट्रिप राहिली बाजूला, मॅच सुरू झाली. एकीकडे तीन गडी, समोर एकटी मामी. मी अंपायर, पण मनातून मामीच्या टीममध्ये.

*

पहिला मुक्काम नेगोंबोला, समुद्राच्या अगदी काठावर. सकाळी नाश्त्याला हॉपर. छोट्या खोलगट कढईत तांदळाचं पीठ फिरवतात, कडा कुरकुरीत, बूड मऊ, आणि मधोमध एक अंडं. सोबत ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी. मी तर वेडीच होते त्यावर. दुपारी भात, सोबत फणसाची भाजी, बिटाची भाजी, नारळाच्या दुधातली डाळ, मासा. रात्री परत भात. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या.

मामाने एक चकती दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. पलीकडचा समुद्र दिसत होता.

"हे बी तांदूळच?"

"हो."

"आन दुपारी?"

"भात."

"ह्यांचं तांदळाशी सोयरपण हाय का, राव?"

तात्याने लगेच संधी साधली. "वैनी, भाकरीची आठवण येत आसंल, न्हाई?"

"येती की," मामी चौथी चकती ताटात घेत म्हणाली. "आली की बसवते तिला शेजारी, आन खाते."

*

डंबुल्लाच्या हॉटेलात मामाने गुपचूप हल्ला केला. बॅगेतलं बाजरीचं सगळं पीठ घेऊन थेट किचनमध्ये. मी मागोमाग गेले, पण मामा म्हणाला, "तू नको बोलू. सैपाकाची भाषा हाताची असती."

कुकने पिठाचा वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं, मान डोलावली. मामाने दोन्ही तळहातांनी हवेत भाकरी थापून दाखवली. कुकनेही हवेत थापून दाखवली. मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघंही इतके खूश की मलाच भरून आलं.

मामा बाहेर येऊन ऐटीत बसला. "आता कुणाच्या मिनत्या करायची गरज नाय." हे मामीकडे बघून.

बऱ्याच वेळाने कुक स्वतः ताट घेऊन आला. ताटात करड्या रंगाचे, हातभर लांब, दंडगोल. मधे मधे पांढऱ्या खोबऱ्याचे पट्टे. त्या लोकांचा पिट्टू म्हणून एक प्रकार असतो. पीठ आणि ओलं खोबरं थराथराने नळीत भरायचं आणि वाफवायचं. त्याने मामाच्या सगळ्या बाजरीचा पिट्टू करून टाकला होता. वर नारळाचं दूध.

मामा फक्त एवढंच म्हणाला, "माझी बाजरी."

मामीने एक तुकडा मोडला, डाळीत बुडवला, खाल्ला. मग डोळे मिटून परत खाल्ला. "जलम गेला थापण्यात," ती म्हणाली. "वाफवायची कुणाला सुचली न्हाई."

सोपानभाऊंनी तर आख्खे दोन दंडगोल संपवले. पीठ खलास. गड्यांचं मेन हत्यार तिथंच गेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सिगिरियाला निघायचं होतं, तर तात्या गायब. फोन उचलेना. आमचा ड्रायव्हर निमल म्हणाला, "मला वाटतं मला माहितीये." आणि त्याने गाडी सरळ तिथल्या भाजीच्या होलसेल मार्केटला नेली. तात्या तिथे टोमॅटोच्या क्रेटांमध्ये उभा. डंबुल्लाची लेणी सोडून, हत्ती सोडून, हा माणूस समुद्र ओलांडून मार्केट यार्डात आला होता.

"केतके, बरी आलीस. ह्याला विचार, वर बारीक माल आन खाली मोठा माल, असं का भरलंय? उलटं झालंय ह्याचं."

मी इंग्लिशमध्ये निमलला विचारलं, निमलने त्या व्यापाऱ्याला. तो म्हणाला, मोठा माल जड असतो, वर ठेवला तर खालचा चेंगरतो.

तात्याला ते पटेना. त्याने आणखी दोन क्रेट हात घालून तळापर्यंत तपासले. सगळीकडे तेच. गाडीत बसल्यावर म्हणाला, "लई सरळ धंदा हाय ह्यांचा. मला नाय झेपायचा."

पण हा रिकाम्या हाताने आला नव्हता. पिशवीभर वांगी आणली होती, छोटी, जांभळी, चमकणारी. ती त्याने अलगद मामीच्या मांडीवर ठेवली. "वैनी, बगा तरी. भरल्या वांग्यालाच जलमलीत जणू."

मामीने एक वांगं उचललं. देठ बघितला. अंगठ्याने दाबलं. मामीचा चेहरा मला कळतो, आणि तो चेहरा मनातल्या मनात शेंगदाण्याचं कूट करत होता. पुढे बसलेला मामा आरशातून बघत होता. मग तिने वांगं परत पिशवीत टाकलं आणि पिशवी पुढच्या सीटवर निमलकडे दिली. "घरी ने, लेकरा. आन बायकोला नको सांगू करायला. तूच कर."

मी ते ट्रान्सलेट केलं. निमलने आधी पिशवीकडे बघितलं, मग आरशातून मामीकडे.

*

सिगिरिया म्हणजे जंगलाच्या मधोमध उभा एक प्रचंड कातळ, आणि वर जुन्या राजाचा महाल. आता शिवनेरीवर लहानपणापासून चढणारी माणसं ही, त्यांना काय कौतुक. मामा प्रत्येक टप्प्यावर म्हणायचा, "आपल्या शिवनेरीपुढं काय नाय हे." आणि प्रत्येक टप्प्यावर बसायचा.

सोपानभाऊ मात्र टोपी सावरत, हात मागे बांधून, मेंढरांमागं चालल्यासारखे न थांबता वर गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा ते कड्याशी उभे होते. काय सीन होता, सांगू! चारी बाजूंना नुसतं हिरवं, मधेच तळी चमकतायत, लांब निळे डोंगर. परदेशी लोक अगदी शांत होऊन बघत होते, एक बाई तर चक्क ध्यानाला बसलेली.

सोपानभाऊंनी कपाळावर हाताची सावली धरून सगळीकडे नीट बघितलं आणि उसासा टाकला.

"एवढं रान," ते म्हणाले. "आन एक मेंढरू नाय."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. खाली येईपर्यंत उतरलेला चेहरा वर आला नाही.

*

कँडीहून एल्लाला जाणारी ट्रेन चहाच्या मळ्यांतून जाते. ढग डब्यात येतात, मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. मामी दारात बसली होती, पाय बाहेर सोडून, पदर वाऱ्यावर. मी तिला असं बसलेलं कधी बघितलंच नव्हतं. मागून मामा तिचा पदर धरून उभा, का तर पडेल म्हणून.

डब्यात वडे विकणारा आला. डाळीचे गरम वडे, वर आख्खी कोळंबी चिकटवलेली, आणि बांधून द्यायला कुणाच्या तरी गणिताच्या वहीचा कागद. मामीने तीन खाल्ले. कागद उलगडून गणितही तपासलं. "चुकलंय पोरगं," म्हणाली.

बाहेर उतारावर बायका पाठीला पिशव्या लावून चहाची पानं खुडत होत्या. वरच्या बांधावर एक माणूस छत्री घेऊन उभा होता.

"काय बगतीस एवढं?" मामाने विचारलं.

"काय न्हाई. बाया कामाला, बाप्या छत्रीला. लांब आल्यासारखं वाटंना."

मामाने पदर सोडला नाही, फक्त दुसऱ्या हातात घेतला.

*

आता शेवटचा मुक्काम, एल्ला. डोंगराच्या कडेला एक छोटा होमस्टे. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे. आमच्यासारखंच, तिथेही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. अक्का पहाटेपासून राबायच्या. त्यांचे मिस्टर व्हरांड्यात पेपर वाचायचे आणि जेवायला हाक मारली की उठायचे.

मामी जवळजवळ जिंकली होती. उरली होती फक्त एक संध्याकाळ. आणि तेवढ्यात अक्का हसत हसत मामीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मला इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "इतके दिवस तुम्ही आमचं खाल्लंत. आज ताईंनी तुमच्याकडचं काहीतरी करावं. मला शिकायचंय."

मी ट्रान्सलेट केलं. काय करणार.

तात्याने सोपानभाऊंकडे बघितलं. कुणी यजमानीण एवढ्या प्रेमाने मागते आणि आपल्या माणसाने नाही म्हणायचं, हे आमच्याकडे होऊच शकत नाही. मामीचा चेहरा पडला. उठली, पदर कमरेला खोचला, आणि किचनच्या दिशेने निघाली.

"ए," मामा म्हणाला. "तू बस."

मामी थांबली.

"बस म्हनतो ना. गावच्या सप्त्याची आमटी कोन करतं? मीच करतो ना? मग बस की."

हे खरं होतं. घरी मामाने आजवर पाणी तापवलेलं नाही, पण गावजेवणाची आमटी मामाचीच. उभ्याने, बाह्या सरसावून, वल्ह्याएवढ्या पळीने ढवळत, अख्ख्या गावाची. गोची एवढीच की मामाला दुसरी कुठली आमटी येतच नाही.

अक्कांनी पातेलं दिलं. "ह्याच्याहून मोठं," मामा म्हणाला. दुसरं दिलं. "मोठं." अक्का शेजारी गेल्या. शेवटी वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या सणाला रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण वाढतात, तेव्हाचं देवळातलं अवाढव्य पातेलं चौघांनी उचलून आणलं. मामाचा चेहरा उजळला.

"मामा, आपण सात-आठ जण आहोत," मी म्हटलं.

"असू दे. मला कमी करता येत नाय. हिशोबच बिघडतो."

तात्या कांदा चिरायला, सोपानभाऊ खोबरं भाजायला. अंगणात तीन दगडांची चूल. मसूरडाळ अक्कांची, मसाला त्यांचाच काळपट भाजलेला, लसूण इतका की खालच्या वळणावरचे टूरिस्ट थांबून वास घेऊ लागले. अक्का कडेला उभ्या राहून बघत होत्या. मामी व्हरांड्यात खुर्चीवर, हात मांडीवर. आधी तिला खुर्चीत नीट बसताच येईना. दोनदा उठली, दोनदा मामा ओरडला, "बस!" मग हळूहळू टेकली.

आमटी झाली ती गल्लीला पुरेल एवढी. मग काय, गल्लीलाच बोलावलं. शेजारी आले, त्यांचे पाहुणे आले, रस्त्याने गाडी घेऊन आलेल्या निमलचा चुलतभाऊ आला, दोन जर्मन पोरं आली. रस्त्याच्या कडेला चटया टाकून पंगत बसली, समोर केळीची पानं, पानावर भात. गावाकडे बायांची पंगत शेवटची असते. इथे मामाने मामीला पहिल्या पानावर बसवलं. शेजारी अक्का, त्यांच्या शेजारी त्यांचे मिस्टर.

मामा प्लास्टिकची बादली घेऊन निघाला, तोच गावचा सूर लावत, "आमटी, आमटी, आमटी..."

अक्कांनी एक घास खाल्ला आणि डोळे मोठे केले. मग मामीकडे वाकल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "विचार ना त्यांना. घरी पण हेच करतात?"

मी विचारलं. मामीने आमटी-भाताचा घास सावकाश चावला, गिळला, पाणी प्याली.

"सांग तिला," ती म्हणाली, "आमच्याकडं सैपाक गडीमाणसंच करत्यात. आमाला बायांना काय त्यातलं कळत नाय."

मी सांगितलं. शब्द न शब्द.

अक्कांनी पान समोरून किंचित बाजूला सरकवलं, मिस्टरांकडे पूर्ण वळल्या आणि सिंहलीत बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. त्या गृहस्थांचा घास हातातच राहिला, आणि पंगतीच्या त्या टोकाला बादली घेऊन वाकलेल्या आमच्या मामाकडे ते जे बघत राहिले, ते बघतच राहिले.