पाटीतलं बाळंतपण

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात भिमाजी गेली पस्तीस वर्षं दर शुक्रवारी हजर असायचा. विकायला त्याच्याकडे काही नसायचं. लोकच त्याला हाताला धरून न्यायचे. "नाना, हात लावून सांगा, हिचे किती दिवस राह्यले?" तो गाभण गायीच्या कुशीला तळवा टेकवायचा, जरा वेळ डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "पंधरवडा." गाय पंधरवड्यातच व्यायची. अडलेलं वासरू सोडवायलाही वस्त्यावस्त्यांवरून त्यालाच बोलावणं येई.

अशा माणसाला एका मांजरीनं कोड्यात टाकलं.

ती करड्या पट्ट्यांची होती, एक कान फाटलेला. उन्हाळ्यात कुठूनशी आली आणि गोठ्याच्या भिंतीवर राहू लागली. भाकरीचा तुकडा खायची, पण कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही. हळूहळू तिचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं.

"हिचे किती राह्यले?" भिमाजीच्या बायकोनं, सत्यशीलाबाईनं विचारलं.

"मला काय म्हाईत? मांजराचं मला कोनी इचारलंच न्हाई कधी."

पण त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. गायीला नऊ महिने नऊ दिवस, शेळीला पाच महिने. हिला किती? एकाच वेळी चार-पाच जीव त्या एवढ्याशा पोटात मावतात तरी कसे? जेवता जेवता तो भिंतीकडे बघत बसायचा.

एका शुक्रवारी सकाळी टोपी घालून तो बाजाराला निघाला, तर मांजर थेट त्याच्या पायात आली. कधी जवळ न येणारी ती, पायाला अंग घासत एकसारखी ओरडत होती. तो थांबला तशी घरात शिरली आणि गोधड्यांच्या चळतीवर चढून पंजांनी उकरू लागली.

"अगं बया, माझ्या धुतलेल्या गोधड्या!" सत्यशीलाबाई धावली. तिनं कांद्याची रिकामी पाटी ओढली, त्यात जुनं मऊ लुगडं घडी करून घातलं आणि पाटी कोपऱ्यात अंधाराला ठेवली. मांजरीनं वास घेतला, दोनदा गोल फिरली आणि आत बसली.

भिमाजी दाराकडे निघाला, की तीही पाटीतून बाहेर यायची. तो बसला, की परत आत. असं तीनदा झालं.

"बसा आता," सत्यशीलाबाई म्हणाली. "तिनं तुमाला धरून ठेवलंय."

टोपी काढून तो भिंतीला टेकला. तेवढ्यात बाजारातून रामहरी दलालाचा फोन आला. "नाना, कुठं हाय तुमी? लोक वाट बघत्यात."

"घरी बाळंतपण हाय."

"कोनाचं?"

भिमाजीनं पाटीकडे पाहिलं. "आमचंच म्हन."

पहिलं पिल्लू आलं ते पातळ पिशवीत गुंडाळलेलं, लहानशा वांग्याएवढं. मांजरीनं दातांनी पिशवी फाडली, पिल्लाला चाटून चाटून रडवलं आणि मागून आलेला जार खायला लागली. भिमाजीचा हात सवयीनं पुढे गेला. गायीला जार खाऊ देत नाहीत. मांजर गुरगुरली, तसा त्यानं हात मागं घेतला.

"खाऊ द्या. तिचं तिला कळतं," बायको म्हणाली.

दुसरं सरळ आलं. तिसरं बाहेर पडलं तेव्हा मांजर थकली होती, वर लगेच पुढची कळ. तिनं तिसऱ्याकडे पाहिलंच नाही. ते पिशवीतच पडून राहिलं. हलेना.

भिमाजी गुडघ्यावर सरकला. दाव्यानं वासरं ओढून काढणारे त्याचे हात, पण इथं दोन बोटंसुद्धा जड वाटत होती. त्यानं नखानं पिशवी फाडली, उपरण्याच्या टोकानं नाक-तोंड पुसलं. वासराच्या नाकात काडी फिरवली की ते शिंकतं. हिच्या पिल्लाचं नाक तर मोहरीएवढं! मग अंगठ्यानं पाठ चोळू लागला. चोळत राहिला.

"ऱ्हाऊ द्या आता," सत्यशीलाबाई हळूच म्हणाली.

"थांब. छाती गरम हाय."

अंगठ्याखाली काहीतरी उडालं. पिल्लानं तोंड वासलं आणि शिट्टीसारखा बारीक आवाज काढला. भिमाजीनं ते आईच्या तोंडापाशी ठेवलं. ह्या वेळी मांजर गुरगुरली नाही. पिल्लाला चाटता चाटता तिनं त्याचा अंगठाही चाटला.

"सत्यशीले, हिची जीभ बघ, कानशीवानी खरखरीत!" पासष्टीचा माणूस, पण नवल त्याच्या तोंडावर मावेना.

दुपारपर्यंत चार झाली. चारही आंधळी, तरी धडपडत बरोबर सडापर्यंत पोचली. वासराला तोंड धरून सडाशी न्यावं लागतं. ह्यांना कोणी दाखवलं?

पुढचे दिवस तो रोज सकाळी पाटीजवळ बसायचा. नवव्या दिवशी तिसऱ्या पिल्लाच्या पापणीला बारीक फट पडली आणि आत निळसर काहीतरी चमकलं.

"अवो, भाकरी गार व्हायली," चुलीपासून हाक आली.

"आलो आलो," भिमाजी जागचा न हलता म्हणाला. "दुसरा डोळा उघडू दे."