नवऱ्याची सायकल माझ्या अंगाला बसली तेव्हा

सैन्यात असलेल्या माझ्या नवऱ्याची बदली राजस्थानात झाली आणि त्याची रोड सायकल रहिमतपूरच्या घरी माझ्या वाट्याला आली. शिंगांसारखं वळलेलं हँडल, बोटाएवढे बारीक टायर, आणि एका हाताने उचलावी इतकी हलकी. मी मूळची सांगलीची. कॉलेज संपेपर्यंत लेडीज सायकलवर ताठ बसून, पुढच्या बास्केटात भाजी टाकून गावभर फिरलेली. सायकल म्हणजे सायकल, त्यात शिकायचं काय, अशा तोऱ्यात मी पहिल्याच रविवारी कोरेगावच्या रस्त्याला लागले.

परत आले ती कमान होऊन. मान वर होईना, तळहातांना मुंग्या आलेल्या, आणि बसायच्या जागेबद्दल तर बोलायलाच नको. सोमवारी मी शिकवते त्या शाळेत फळ्यावर लिहून झालं आणि वर्गाकडे बघायचं तर मान वळेना, म्हणून मी अख्खीच वळले, जत्रेतली मूर्ती फिरवावी तशी. सातवीच्या पोरी बाकाखाली तोंड घालून हसल्या. मग मलाही हसू फुटलं. हसताना बरगड्या दुखल्या, म्हणून आणखीच फुटलं.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांना मी मामा म्हणते. सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता ऊस बघतात, आणि घरात काही बिघडलंय म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो.

"सायकल वाईट न्हाई," मामा म्हणाले. "रायफल ज्याची त्याला झिरो करावी लागती, नेम जुळवून. ही माझ्या पोराच्या अंगाला झिरो केल्याली हाय. तुझ्या न्हाई."

त्याच संध्याकाळी गोठ्याच्या दारात मोहीम सुरू झाली. मी चौकटीला खांदा टेकून सायकलवर, मामा मागचं चाक गुडघ्यांत दाबून, आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, हातात मोबाईल घेऊन. मोबाईलमध्ये राजस्थानातून माझा नवरा.

"टाच पेडलवर ठेव," तो म्हणाला. "पेडल पार खाली ने. पाय सरळ होतोय का?"

पाय सरळ झाला, पण टाच पेडलला टेकेचना. म्हणजे सीट फार उंच. मामांनी आधी जुन्या उंचीवर माझ्या नेलपॉलिशची रेघ मारली. "मागं फिरायची वाट ठिवायची," म्हणाले, आणि अ‍ॅलन कीने, म्हणजे त्या सहाकोनी वाकड्या किल्लीने, बोल्ट सैल करून सीट थोडी खाली घेतली. आता टाच टेकली. चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात जरासा बाक राहत होता.

"अगदी बरोबर! आता दोन्ही पेडल आडवी धर," नवरा म्हणाला. "पुढच्या गुडघ्यापासून दोरा सोडा, पेडलच्या मध्यावर यायला हवा. आई, मला नीट दाखव. मला म्हस दिसतीय."

"दिसू दे की," आत्या म्हणाल्या. "ती बी इचारतीय, कवा येणार म्हणून."

मी इतकी हसले की सायकल चौकटीवर आपटली. न्हाणीघर बांधताना गवंड्याचा ओळंबा घरातच राहिला होता. मामांनी तो गंभीर चेहऱ्याने माझ्या गुडघ्याला लावला. दोरी पेडलच्या बरीच मागे पडली, म्हणून सीट पुढे सरकवली. मग मामांनी कडक नियम घातला: इथून पुढे एक बदल, एक फेरी. मी कालव्यापर्यंत जाऊन आले. गुडघे खूश, हात मात्र अजून बधिर.

कारण दुसऱ्या संध्याकाळी आत्यांना दिसलं. "आवं, पोरगी पुढं पुढं घसरतीय बघा. पोळपाट कलल्यावर लाटणं घरंगळतं तशी." सरकवताना सीटचं नाक खाली झुकलं होतं आणि माझा सगळा भार तळहातांवर येत होता. सीट सपाट केली. पुन्हा कालव्यापर्यंत फेरी. निम्मा त्रास गेला.

उरलेला निम्मा हँडल लांब असल्याचा होता. हँडलला सायकलशी जोडणारा जो तुकडा असतो, स्टेम म्हणतात त्याला, तो आखूड हवा, असं नवऱ्याने सांगितलं. माहेरी गेले तेव्हा सांगलीत तो मिळाला. बसवायच्या दिवशी मामांनी नट काढले आणि हँडल वायरींसकट खाली लोंबायला लागलं. आत्या ओरडल्या, "आगं बया, शिंगं निघाली!" नवऱ्याने फोनमध्ये डोकं धरलं. पण मामांनी सगळं शांतपणे जोडलं. स्टेमच्या वर असलेल्या दोन कड्या त्यांनी स्टेमखाली घातल्या, तेवढं हँडल वर आलं.

मी बसले. कोपर आपोआप वाकलं. हँडल धरायला ताणावं लागलं नाही, ते हाताशीच होतं. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "बसली."

रविवारी आम्ही औंधला निघालो. मी सायकलवर, मामा आणि आत्या मागून स्कूटरवर. उजाडता उजाडता रस्ता मोकळा होता. मला मान वळवता येत होती, म्हणून मी उगाचच वळवत होते: ज्वारी बघ, बगळे बघ, मागचे मामा बघ. एका लांब उताराला वाऱ्याने कान भरले आणि माझ्या तोंडातून अशी किंकाळी निघाली की बांधावरचा माणूस धावत रस्त्यावर आला.

"काय झालं ओ ताई?"

"काय न्हाई, लय भारी वाटतंय!" मी ओरडले, आणि मागून आत्यांनीही स्कूटरवर तशीच एक किंकाळी ठोकली. मामांची स्कूटर डुलली.

डोंगरावर यमाईदेवीचं दर्शन झालं. खाली पायथ्याशी चहा पिताना आत्या सायकलकडे बघत होत्या. कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी बसू?"

त्या उभ्या जन्मात सायकलवर बसल्या नव्हत्या. लहानपणी वडिलांनी बसू दिलं नाही, नंतर राहून गेलं. मामांनी सायकल कलती धरली, आत्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, पाय टाकला आणि बसल्या. पाय पेडलपर्यंत पोचेनात. मी हँडल धरलं, मामांनी सीट, आणि आम्ही ढकलायला लागलो. बांगड्या वाजत होत्या, चहावाला कळकट फडकं खांद्यावर टाकून टाळ्या पिटत होता, आणि आत्या पाय दोन्हीकडे पसरून, डोळे गच्च मिटून, "जोरात! जोरात!" म्हणत होत्या.

मामांना धाप लागली. मला हसून हसून पुढे ढकलता येईना. आत्या काही उतरेनात. शेवटी आम्ही तिघंही सायकलसकट नारळाच्या दुकानासमोर हळूच कलंडलो, आणि उठायची घाई कुणालाच नव्हती.