लेकींची वाट

जनुकशास्त्र शिकणारी माझी भाची आली, तेव्हा माझ्या आईने लहान मुलासारखा आ केला आणि भाचीने आईच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ती तपासायला नेली. परवा तिचा फोन आला.

"आजी, तुझी आई, तिची आई असं मागे गेलं की आपण आफ्रिकेत पोचतो. तुझ्या पेशींत सापडलेली ही खूण पुढे फक्त लेकीच नेतात."

आम्ही तिघी बहिणीच. वंश बुडाला, हे आईने जन्मभर ऐकलेलं.

"म्हणजे तिथून इथवर मुलगी एकदाही चुकली नाही?"

"एकदाही नाही."

किती नद्या ओलांडल्या असतील त्या बायकांनी, मी विचार करत राहिले. आईचं कुतूहल मात्र वेगळंच होतं.

"चालून पाय दुखले की लेकीला कडेवर कोण घेत असेल गं?"