भावांच्या पाळीचा सापळा

सापळा मी कापला. भामरागडच्या पलीकडच्या एका नाल्यात, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना कापला आणि गप्प राहिलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बायकोचा भाऊ विलायतेहून आला होता. सोबत लांब, लवचीक गळकाठी आणि गळाला पिसं बांधून केलेले खोटे किडे. तिकडच्या डोंगरी नद्यांवर तो असेच मासे धरायचा. आपल्याकडेही तसंच रान आहे, हे त्याला दाखवायची मला हौस. मी नोकरीनिमित्त त्या भागात फिरायचो, तेव्हाच्या ओळखीतल्या एका माडिया आदिवासी घरी आम्ही उतरलो.

यजमान आणि त्याच्या धाकट्या भावाने नाल्यावर दगडांचा बांध घातला होता. बांधाच्या फटीत बांबूचा सापळा. एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची. पाळी नसेल त्याने तिकडे फिरकायचंही नाही. यजमानाने आम्हाला वरचा डोह दाखवला. बांधाकडे जाऊ नका, एवढंच सांगितलं.

डोहात मेहुण्याला एक मासा लागला. त्याने तो न्याहाळला आणि सोडून दिला.

"अबे, मंग इतक्या दूर काऊन आलो आपण?"

"भाऊजी, मजा धरण्यात असते. खाण्यात नाही."

पुढे काहीच लागेना. बांधाकडे जाऊ, असं मीच म्हणालो. तिथे त्याचा आवडता किडा सापळ्यात अडकला. दोरी तोडून टाकू, असं तो म्हणत होता. मी मोठेपणाने चाकू काढला आणि सापळ्याचे बंध कापले. आतले मासे निसटून गेले. किडा तेवढा वाचला.

त्या दिवशी पाळी यजमानाची होती. संध्याकाळी तो रिकामा सापळा घेऊन आला. त्याची बायको म्हणाली, पाणमांजर असेल. त्याने तिला बंध दाखवले. ते चाकूने सरळ कापलेले होते. तो तडक भावाच्या घरी गेला. तिथले चढे आवाज आम्हाला अंगणात बसून ऐकू येत होते. पाहुण्यांवर संशय घ्यावा, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. जेवताना त्याच्या बायकोने साठवणीतले सुके मासे आम्हाला वाढले. मी ते खाल्ले.

पुढच्या हिवाळ्यात एकटाच गेलो. नाल्यावर आता दोन बांध होते. खालचा धाकट्याचा. वरच्यातून सुटेल तेवढाच मासा त्याच्याकडे उतरायचा. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मी यजमानाला बळेच धाकट्याच्या घराकडे नेलं. तो कुंपणाबाहेरच थांबला. धाकटा दारात आला. दोघांनाही ऐकू जाईल अशा जागी मी उभा राहिलो आणि यजमानाकडे वळलो.

"सापळा मी कापला, भाऊ. तुमच्या भावानं नाई. आणि धाकटे भाऊ, तुमच्यावर आळ आला तवा मी यांच्याच अंगणात चूप बसून होतो. मले दोघंही माफ करा."