कोरसला कोण?

माझ्या नाकावर राग असतो हे लंडनजवळच्या आमच्या अख्ख्या हाउन्सलोला माहीत आहे. मी एअरपोर्टवर सिक्युरिटीला काम करते. दिवसभर लोकांच्या बॅगांतून लोणच्याच्या बरण्या काढून ठेवायच्या, तिथे गोड बोलून भागत नाही. आणि त्या दिवशी मी सुट्टीवर, प्रवासी म्हणून रांगेत उभी, तर माझ्याच वडिलांच्या पिशवीतून निघाली लिंबाच्या लोणच्याची बरणी! माझ्या शिफ्टमधली मुलगी ती बरणी हातात धरून हसू दाबत होती.

"बाबा, हज्जारदा सांगितलं होतं ना मी!"

"लोणचं काय पाणी आहे का बाप्पा?" बाबा म्हणाले. "उलटं धरलं तरी सांडत नाही."

लोणचं गेलं. जवसाची चटणी कोरडी म्हणून वाचली. ती त्यांनी पुढे स्पेनभर स्वतःच्या पिशवीत सांभाळली, माझ्या हातात म्हणून दिली नाही.

बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मार्च उजाडला, परत जायला दहाच दिवस उरले. नवऱ्याला रजा नव्हती म्हणून आम्ही दोघंच स्पेनला निघालो. सगळ्यांना सांगितलं, मित्रमैत्रिणींना भेटू, खाऊ, फिरू. खरं कारण वेगळं होतं. बाबा दोन वर्षांत एकदाही गायले नव्हते. एप्रिलच्या जयंतीला गाल का, म्हणून वस्तीतून फोन येत होते आणि बाबा "पाहू" म्हणून ठेवून देत होते. ते परत जाण्याआधी एकदा तरी गायले पाहिजेत, एवढंच मला हवं होतं.

बाबांची गायन पार्टी होती. नोकरी पोस्टात, पण लोक ओळखायचे ते पार्टीमुळे. जयंती असो, विहाराचं उद्घाटन असो, कोणाचं बारसं असो, बाबा स्वतः गाणी लिहायचे, स्वतः चाल लावायचे आणि कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे राहायचे. एक ओळ गायकाची, तिला उत्तर कोरसचं. कोरसची ओळ गायकाने स्वतः म्हणायची नाही, हा त्यांचा नियम. "आपणच इचारायचं आन् आपणच उत्तर द्यायचं, तो माणूस येडा असते," असं म्हणायचे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते साथीदारांची ओळख करून द्यायचे, ढोलकीला अमुक, पेटीला तमुक. मी सात वर्षांची असल्यापासून शेवटचं नाव माझं असायचं. मी स्टुलावर उभी आणि बाबा माइकमध्ये म्हणायचे, "आणि कोरसला, आमच्या कन्या!" लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, सगळ्या टाळ्या माझ्याच.

चौदाव्या वर्षी मी ते सोडलं. इंग्लिश शाळेतल्या दोन मैत्रिणींनी मला माइकसमोर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझी नक्कल झाली. घरी येऊन मी दप्तर फेकलं. "मला लाज वाटते तुमच्या पार्टीची. मी नाही येणार." पुढच्या कार्यक्रमाला शेजारचे काका कोरसला उभे राहिले आणि ते मरेपर्यंत उभे राहिले. बाबांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. दोन वर्षांपूर्वी काका गेले आणि बाबांनी पेटीवर चादर टाकली, ती अजून तशीच आहे.

पहिला मुक्काम माद्रिदला. मित्र पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. तो आमच्या जवळच मेडनहेडला राहायचा तेव्हापासूनची आमची दोस्ती. त्याच्या बायकोने पिठलं केलं होतं आणि सोबत तिथलं बटाट्याचं ऑम्लेट, विटेएवढं जाड. बाबांनी दोनदा मागून घेतलं. स्वारी खूश आहे असं बघून मी माझा हुकमाचा एक्का काढला. भावाने पार्टीची जुनी कॅसेट फोनवर उतरवून पाठवली होती. काकांचा कोरस ऐकला की बाबांना राहवणार नाही, आपोआप तोंड उघडेल, असा माझा अंदाज. मी टेबलावर स्पीकर ठेवला आणि लावलं.

ढोलकी आली, मग काकांचा तो खणखणीत आवाज आला. बाबांचा घास हातातच राहिला. ते उठले, हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी स्पीकर बंद करून मागे गेले.

"काहून लावलं ते?"

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून."

"गेलेला माणूस असा डबीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवते का कोणी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता माफी मागून मोकळं व्हायचं, तर मी उलट चिडले. "मग तुम्हीच सांगा ना, काय केलं म्हणजे गाल? काका काही परत येणार नाहीत!" आत मित्र आणि त्याची बायको उगाच जोरजोरात भांडी घासत होते.

"कोरस नाही तर गाणं नाही," बाबा म्हणाले. "संपला विषय."

दुसऱ्या दिवशी कोर्दोबाच्या ट्रेनमध्ये आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो होतो आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. बाहेर ऑलिव्हची झाडं संपता संपत नव्हती. बाबा ती मोजत असल्यासारखे बघत होते आणि मी फोनमध्ये डोकं घालून काहीही वाचत नव्हते. काल त्यांना बोलले त्याचं मला फार वाईट वाटत होतं. पण सांगणार कोण? सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, त्यांचा नाही आणि माझाही नाही.

अबोला मोडला तो संत्र्याने. कोर्दोबात उतरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, लगडलेली, आणि कोणी हात लावत नाही! नागपूरचा माणूस हे बघून गप्प बसेल? मी नको नको म्हणेपर्यंत बाबांनी एक तोडलं, सोललं, दोन फोडी एकदम तोंडात टाकल्या आणि जागच्या जागी थिजले. कडूजहर.

"हे संत्रं आहे का थट्टा?" डोळ्यांत पाणी आणून बाबा म्हणाले.

मी हसले ती पोट धरून. मग तेही हसले. तेवढ्यात माझी मैत्रीण गाडी घेऊन आली आणि लांबूनच मराठीत ओरडली, "चल लवकर!" ही मूळची इथलीच. आठ वर्षं एअरपोर्टवरच्या कॉफीच्या दुकानात होती आणि माझ्या घरी वरच्या खोलीत राहायची. तेवढ्या वर्षांत माझ्याकडून मराठी शिकली ती एवढीच, "चल लवकर" आणि "गप्प बस". यावरून मी घरात काय बोलत असते ते कळावं. आता ती गावी आईजवळ राहते.

आई ऐंशीच्या पुढची, ताठ, आवाज चुलीवर भाजलेला. अंगणात तिने परातीएवढ्या कढईत काहीतरी परतायला घेतलं होतं. बाबा वास घेत जवळ गेले आणि त्यांचा चेहराच उजळला. "अगं, हा तर कुस्करा!" खरंच की. शिळा पाव कुस्करून, पाण्याचा हबका मारून, तेलात लसूण-मिरचीवर परतलेला. आमच्याकडे उरलेल्या पोळ्यांचं जे होतं तेच इथे पावाचं. त्याला हे लोक मीगास म्हणतात आणि पाहुणे आले की मुद्दाम करतात. बाबांनी जवसाची चटणी काढून आधी म्हातारीच्या ताटात वाढली. तिने चिमूटभर चाखली, ठसका लागला, डोळे पुसले आणि ताट पुन्हा पुढे केलं. दोघांना एकमेकांचं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ती स्पॅनिशमध्ये आणि बाबा मराठीत, तासभर गप्पा चालल्या होत्या. मध्येच दोघं एकदम हसायचे. कशाला, देव जाणे.

त्या घरात जेवणानंतर गाणं म्हटल्याशिवाय कॉफी मिळत नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं. म्हातारीने टाळी धरली, बारीक, दोन बोटं तळहातावर. ऑलिव्ह झोडपताना म्हणायचं एक गाणं तिने सुरू केलं. एक ओळ तिची, तिला उत्तर लेकीचं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं बोट ताटाच्या काठावर ठेका धरत होतं.

गाणं संपलं तशी म्हातारीने माझ्याकडे बोट केलं.

"छे, मला नाही येत."

"गप्प बस," मैत्रीण मराठीत म्हणाली.

तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला. म्हातारीची टाळी चालूच होती. तिच्या टाळीवर, बसल्या जागी, बाबा म्हणाले,

"लेक चालली शाळेला..."

आणि थांबले. माझं गाणं! मी पहिलीत गेले तेव्हा त्यांनी लिहिलेलं. पुढची ओळ कोरसची. मला वाटलं, काका आठवले, आता उठतील. पण ते उठले नाहीत. कढईकडे बघत त्यांनी पुन्हा म्हटलं,

"लेक चालली शाळेला..."

आणि पुन्हा थांबले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा अडकले नव्हते, त्यांनी जागा सोडली होती. तोंडाने ते मला कधी विचारणार नव्हते, मेले तरी नाही. तिसऱ्यांदाही म्हणणार नव्हते, मी ओळखते त्यांना. मला लाज वाटत होती, पण या वेळी ती त्या चौदा वर्षांच्या मुलीची होती.

"उजेड आला गल्लीला," मी म्हटलं.

आवाज फाटका, सूर पार खाली. बाबांनी माझ्याकडे न बघता डाव्या हाताचं बोट उचललं. वर घे. मी वर घेतला.

"पाटी घेतली हाती गं, जाब विचारील दिल्लीला..."

"उजेड आला गल्लीला!"

चारही कडवी झाली. एकही शब्द मी विसरले नव्हते. मध्ये दोनदा रडले, पण ओळ सोडली नाही. मैत्रीण टेबल बडवत होती आणि म्हातारी शाबासकीचं "ओले, ओले" करत होती. बाबांचा आवाज पहिल्या कडव्यात कापत होता, चौथ्यात गल्ली दणाणून जाईल असा निघाला.

गाणं संपल्यावर बाबा उठले. शर्टावरचा चुरा झटकला, हात जोडले आणि जणू समोर हजार माणसं बसलीत अशा आवाजात त्या अंगणाला म्हणाले, "मंडळी, ओळख आधी करून द्यायची राहिली, माफी असावी. टाळीची साथ होती या घरच्या मातोश्रींची. टेबलाची साथ, त्यांच्या कन्येची. आणि कोरसला..."

इथे ते थांबले आणि माझ्याकडे बघून हसले.

"कोरसला, जरा उशिराने पोचलेल्या, आमच्या कन्या!"

त्या दोघींना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. तरी त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी शेहेचाळीस वर्षांची बाई, नाक पुसत उभी होते, आणि मला वाटलं, सगळ्या टाळ्या माझ्याच.